कर्करोगाचा नकाशा रेखाटणारे डॉ. खानोलकर

तंबाखूच्या पुडीवर २००९ साली केंद्र सरकारच्या आदेशाने प्रथमच सचित्र इशारा छापला गेला, तेव्हा त्यावर विंचवाचे चित्र होते. पुढे काही वर्षांनी विंचू गेला आणि त्याच्या जागी कर्करोगाने पोखरलेल्या तोंडाचे छायाचित्र आले. पानपट्टीवर उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला ते चित्र पाहवत नाही, म्हणूनच ते तेथे आहे. मात्र हे तोंड मुंबईतील एका वैद्यकाने त्यापूर्वी सहा दशकांहून अधिक काळ आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते, एकदा नव्हे तर हजार वेळा. त्याचे कारणही त्याने हेरले होते आणि ते छापून जगापुढे ठेवले होते. त्या वैद्यकाचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर.

भारतीय विकृतिशास्त्राचे जनक असे त्यांचे वर्णन वैद्यकीय वर्तुळात केले जाते. परंतु ज्या महानगरात त्यांचे बहुतेक सारे आयुष्य गेले, तेथील सामान्य वाचकाला हे नाव फारसे परिचित नाही. शल्यविशारदाने रुग्णाला वाचविले की त्याची कीर्ती घरोघर पोचते. विकृतिशास्त्रज्ञाचे काम पडद्याआड चालते. रुग्णाच्या शरीरातून काढलेला ऊतकाचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे केसापेक्षाही पातळ काप घ्यायचे, ते रंगवून काचपट्टीवर पाहायचे आणि दोन ओळींचा अहवाल लिहून द्यायचा. रुग्ण त्याला कधी भेटत नाही आणि तो रुग्णाला ओळखत नाही. खानोलकरांचे मोठेपण हे की, काचपट्टी पाहून ते थांबले नाहीत. हा माणूस कोठून आला, काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, असे प्रश्न ते विचारू लागले.

१३ एप्रिल १८९५ रोजी जन्मलेल्या खानोलकरांनी वैद्यकाचे शिक्षण लंडनमध्ये घेतले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी संपादन केली. त्या काळी परदेशी पदवी घेऊन परतलेल्या डॉक्टरासाठी मुंबईत खासगी व्यवसायाचे दार सताड उघडे असे. त्यात पैसा होता, प्रतिष्ठाही होती. खानोलकरांनी अध्यापनाची वाट धरली. प्रथम ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२६ साली सुरू झालेले हे दुसरे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के.ई.एम. रुग्णालय गिरणगावाच्या कुशीत वसलेले. कोकणातून, घाटावरून आणि उत्तर हिंदुस्थानातून आलेले गिरणी कामगार हेच तेथील रुग्ण. पुढील संशोधनाची सामग्री अशी दाराशीच होती.

कर्करोग दुर्मीळ असल्याचा समज

त्या काळी कर्करोग हा सुधारलेल्या देशांचा रोग समजला जाई. हिंदुस्थानात पटकी, प्लेग, हिवताप, क्षय यांचे थैमान होते आणि सरासरी आयुर्मान तीस-बत्तीस वर्षांच्या पुढे सरकत नव्हते. अशा देशात उतारवयात गाठणारा रोग फारसा दिसणार नाही, हे ओघानेच आले. पण तो दिसत नाही याचा अर्थ तो नाही, असा लावला गेला. शाकाहारामुळे, साध्या राहणीमुळे, उष्ण हवेमुळे येथील माणसाला कर्करोग होत नाही, असेही काही जण सांगत. शवविच्छेदने मोजकी होत, खेड्यातील मृत्यूच्या नोंदीत ताप आणि म्हातारपण याखेरीज कारण सहसा लिहिलेले नसे, आणि या अपुऱ्या नोंदींवरच निष्कर्ष उभे राहत. १९३०च्या दशकात विश्वनाथ आणि ग्रेवाल यांनी देशातील रुग्णालयांच्या नोंदी तपासून या समजाला धक्का दिला. हा रोग येथेही आहे, फक्त त्याची मोजदाद झालेली नाही, हे त्यांच्या पाहणीतून पुढे आले. तरीही कोणाला, कोठे आणि कशामुळे हे प्रश्न उरलेच होते.

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी लागणारी जागा टाटांच्या घरातील दुःखातून उभी राहिली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. वर्षभरात दोराबजींचेही निधन झाले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने परळ येथे उभारलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उद्घाटन झाले. केवळ कर्करोगासाठी वाहिलेले एवढे सुसज्ज रुग्णालय तेव्हा देशात दुसरे नव्हते. कलकत्त्याचे चित्तरंजन रुग्णालय १९५० साली आणि मद्रासची अड्यार येथील संस्था १९५४ साली सुरू झाली. परळच्या या नव्या रुग्णालयातील प्रयोगशाळांची आणि संशोधनाची सूत्रे खानोलकरांकडे आली.

एकाच रोगाचे रुग्णालय असण्याचा एक लाभ सहसा ध्यानात येत नाही. सर्वसाधारण रुग्णालयात कर्करोगाचे रुग्ण वेगवेगळ्या कक्षांत विखुरलेले असतात. तोंडाचा एक, स्तनाचा दुसरा, गर्भाशयमुखाचा तिसरा, आणि त्यांचा एकत्रित विचार कोणी करीत नाही. येथे मात्र साऱ्या देशातून रुग्ण एका दारातून आत येत होते आणि त्यांच्या ऊतकांच्या काचपट्ट्या एकाच टेबलावर जमत होत्या. विकृतिशास्त्रज्ञाला याहून अधिक काय हवे!

हजार तोंडे

रुग्णालयाला तीन-चार वर्षे होत असतानाच, १९४४ साली, कॅन्सर रिसर्च या अमेरिकी नियतकालिकात खानोलकरांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या एक हजार रुग्णांचा तो आढावा होता. यातील लागोपाठ हा शब्द महत्त्वाचा. मनाजोगते, चमत्कारिक किंवा शिकविण्यास सोयीचे रुग्ण निवडून लिहिण्याची तेव्हा सर्रास पद्धत होती. जो आला तो मोजला, ही शिस्त पाळली की आकडे बोलू लागतात.

युरोप-अमेरिकेत तोंडाचा कर्करोग हा रुग्णालयातील एकूण कर्करोगाचा लहानसा हिस्सा होता. परळमध्ये तो सर्वांत पुढे होता. गालाच्या आतील अस्तरावर, हिरडी आणि गाल यांच्या बेचक्यात, नेमकी जेथे पानाची किंवा तंबाखूची गोळी तासन् तास धरून ठेवली जाते, तेथे तो उद्भवलेला दिसे. पान-तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध त्यापूर्वीही काहींच्या लक्षात आला होता. आय. एम. ऑर यांनी १९३३ साली त्रावणकोरमधील विडा खाणाऱ्यांविषयी द लॅन्सेट या नियतकालिकात लिहिले होते. पण हजार रुग्णांची साक्ष वेगळी.

मराठी माणसाच्या घरात चंची ही त्या काळी पाहुणचाराची वस्तू होती. दारी आलेल्याला पाणी विचारावे तसे पान-तंबाखू विचारले जाई. बायका मशेरी लावीत आणि लहान मुलांच्या दातांनाही ती लावली जाई. गिरणीत कापसाचे तंतू हवेत तरंगत असल्याने आगीच्या भयाने विडी पेटविण्यास मज्जाव असे. त्यामुळे तळहातावर चुना-तंबाखू मळून ती दाढेखाली धरणे हाच बारा-बारा तास उभ्याने काम करणाऱ्या कामगाराचा विसावा. अशा सवयीला कर्करोगाचे कारण म्हणणे म्हणजे समाजाच्या अंगणात शिरून बोलणे होते. ते काम खानोलकरांनी कोणताही गाजावाजा न करता, आकड्यांच्या भाषेत केले.

पुढच्याच वर्षी, १९४५ साली, बी. सूर्याबाई यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी या नियतकालिकात आला. त्यात रूढी आणि वहिवाट यांतून उद्भवणाऱ्या कर्करोगाचे भारतातील तीन नवे प्रकार मांडले होते. आजही हा निबंध जगभरच्या अभ्यासकांकडून उद्धृत केला जातो, याचे कारण त्याची कल्पना साधी आणि पक्की आहे. शरीराच्या एकाच जागी वर्षानुवर्षे एकच त्रास होत राहिला तर तेथील पेशी अखेरीस बिघडतात. त्रास कोणता आणि जागा कोणती, हे मात्र प्रदेशागणिक बदलते.

पहिला प्रकार खैनीचा. बिहार आणि उत्तर प्रदेशाकडे चुन्यात मळलेली तंबाखू खालच्या ओठाच्या आतील खाचेत ठेवतात. कर्करोग तेथेच होतो. दुसरा आंध्रच्या किनाऱ्यावरचा. विशाखापट्टणच्या परिसरात, विशेषतः स्त्रिया, चुट्टा नावाची गावठी चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढतात. वाऱ्याने ती विझू नये म्हणून ही रीत पडली, असे सांगितले जाते. त्यांना टाळूचा कर्करोग होतो. हा अवयव एरवी या रोगापासून बहुधा सुरक्षित असतो. तिसरा प्रकार धोतराचा. कमरेला करकचून आवळलेल्या धोतराची कड वर्षानुवर्षे एकाच रेषेवर घासत राहते, कातडीचा रंग उडतो, ती जाड होते, आणि क्वचित कोणाला तेथे कर्करोग होतो. पुढे साडीच्या निरीच्या जागी होणारा असाच कर्करोगही नोंदविला गेला.

लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्या पोरांना काजळीमुळे होणारा कर्करोग पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली ओळखला होता. काश्मिरात पोटाशी धरलेल्या कांगडीमुळे होणारा कातडीचा कर्करोगही मिशनरी डॉक्टरांनी नोंदविला होता. खानोलकरांनी या तुटक निरीक्षणांना एका सूत्रात ओवले. कर्करोग हा अदृष्टाचा तडाखा नसून त्यातील बराचसा भाग माणसाच्या रोजच्या जगण्यातून येतो, म्हणजेच तो टाळता येण्याजोगा आहे, हे सूत्र ते होय. असंसर्गजन्य रोगांचे प्रतिबंधन हा शब्दप्रयोग सरकारी कागदांवर येण्यास तेव्हा कित्येक वर्षे अवकाश होता.

जातीपाती आणि जोखीम

मुंबई हे शहर या कामासाठी जणू आयतेच घडविलेले होते. एकाच पाण्यावर, एकाच हवेत राहणारे पण आपापल्या चौकटीत लग्ने करणारे, वेगळे खाणारे, वेगळे वागणारे समूह येथे शेजारी-शेजारी नांदत होते. भारतीय समाजांची कर्करोगप्रवणता या विषयावर खानोलकरांनी १९४५ साली लिहिले. पारशी धूम्रपान करीत नाहीत आणि त्यांच्यात तोंडाचा कर्करोग कमी आढळतो. उलट त्यांच्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आणि गर्भाशयमुखाचा कमी. शेजारच्या हिंदू वस्तीत चित्र उलटे. हवापाणी एकच असेल तर फरक राहणीत किंवा रक्तात असला पाहिजे. तो नेमका कशात, हे तपासण्यासाठी त्यांनी लाभचंद संघवी या तरुण सहकाऱ्यासमवेत मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांच्या आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास केला. जातीचा विचार तेव्हा समाजसुधारक आणि राजकारणी करीत. एका कर्करोग संशोधकाने तो रक्तगटांच्या तक्त्यात करावा, हे विशेषच.

या मांडणीच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. रुग्णालयाच्या आकड्यांवरून समाजाचे चित्र काढताना परळपर्यंत कोण पोचतो आणि कोण पोचत नाही, हा प्रश्न उरतोच. ज्या समाजाच्या हाती पैसा आहे, ज्याच्या स्त्रियांना डॉक्टरकडे जाण्याची मोकळीक आहे, त्याचे रुग्ण अधिक दिसणार. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी त्या पिढीतील संशोधकांनी लग्नाचे वय, बाळंतपणांची संख्या, सुंता अशी अनेक कारणे चाचपून पाहिली. १९८०च्या दशकात हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी मानवी पॅपिलोमा विषाणूचा धागा उलगडला आणि जुन्या निरीक्षणांचा खरा अर्थ लागला. निरीक्षणे बव्हंशी बरोबर होती, स्पष्टीकरण अपुरे होते. खानोलकर ज्या साधनांनिशी काम करीत होते त्यांत विषाणूचा तो माग लागणे शक्यही नव्हते.

तंबाखूबाबत मात्र साधने पुरेशी होती. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांवरील गाजलेला निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. पाच वर्षांनी, १९५५ साली, त्याच नियतकालिकात संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर या तिघांचा निबंध आला. तंबाखू ओढणे व चघळणे आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागाचे कर्करोग, हा त्याचा विषय. रुग्णांच्या सवयी आणि रोग नसलेल्यांच्या सवयी यांची समोरासमोर तुलना करण्याची, आजच्या साथरोगशास्त्रात सर्वमान्य असलेली पद्धत त्यात वापरलेली होती. चघळणाऱ्यांना प्रामुख्याने तोंडाच्या पोकळीचा, तर विडी ओढणाऱ्यांना जिभेच्या मुळाचा आणि घशाचा कर्करोग होतो, असा भेद त्यातून स्पष्ट झाला. साहेबाच्या सिगारेटविषयी जगाला जे कळले, जवळजवळ त्याच सुमारास गिरणी कामगाराच्या विडीविषयी आणि चुन्याच्या डबीविषयीही कळले होते. पहिल्या निबंधाने पाश्चात्त्य देशांची धोरणे हलली. दुसरा निबंध ग्रंथालयातच राहिला.

संस्था आणि शिष्य

स्वातंत्र्यानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला कर्करोगाविषयी तांत्रिक सल्ला हवा असे तेव्हा तो मागण्यासारखी माणसे देशात थोडी होती. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेपुरते संशोधन पुरे नाही, त्याला स्वतंत्र राष्ट्रीय घर हवे, या विचारातून १९५२ साली परळमध्येच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले. खानोलकर त्याचे संस्थापक संचालक. १९५७ साली टाटा मेमोरियल रुग्णालय आरोग्य मंत्रालयाने आपल्याकडे घेतले, १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले, आणि १९६६ साली रुग्णालय व संशोधन केंद्र एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. कर्करोगाची संस्था अणुऊर्जेच्या छत्राखाली कशी, असा प्रश्न आजही अनेकांना पडतो. किरणोपचार आणि किरणोत्सारी द्रव्यांचा वैद्यकातील उपयोग हे त्याचे उत्तर.

माणसे हेरण्याची त्यांची दृष्टी तीक्ष्ण होती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकलेल्या कमल रणदिवे यांना त्यांनी कर्करोगाच्या पेशींकडे वळविले. १९४९ साली त्यांच्याच मार्गदर्शनाखाली कमलताईंनी डॉक्टरेट मिळविली, नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतकसंवर्धन शिकल्या आणि परत येऊन मुंबईत त्यांनी तशी प्रयोगशाळा उभारली. पुढे त्याच संस्थेच्या संचालकपदाची धुरा त्यांनी सांभाळली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने कर्करोगपूर्व बदलांचा माग घेणाऱ्या सत्यवती सिरसाट याही त्याच परंपरेतल्या. प्रयोगशाळेत स्त्री दिसणे हाच अपवाद होता त्या काळात परळच्या या केंद्रात स्त्रिया स्वतंत्र विभाग चालवीत होत्या. देशभरातील विकृतिशास्त्रज्ञांची संघटना १९४९ साली स्थापन झाली, त्यातही खानोलकरांचाच पुढाकार होता.

कर्करोगाइतकाच त्यांना आणखी एका दीर्घकालीन रोगाने झपाटले होते. तो म्हणजे कुष्ठरोग. समाजाने वाळीत टाकलेल्या या रोगाकडे त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. रोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांच्या ऊतकरचनेवरील त्यांचा अहवाल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५१ साली प्रसिद्ध केला. बाहेरून कातडीवर विशेष काही दिसत नसतानाही जंतूंनी मज्जातंतूंच्या बारीक शाखांत मुक्काम ठोकलेला असतो, हे त्यांनी दाखवून दिले. बोटे झडणे, हात वाकडा होणे या पुढच्या विकृतींचे मूळ मज्जातंतूंच्या हानीत आहे आणि म्हणून रोग चट्ट्याच्या अवस्थेतच पकडला पाहिजे, या आजच्या नियंत्रणकार्याच्या पायाभूत विचाराला त्यातून बळ मिळाले. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमासाठी असे शास्त्रीय अधिष्ठान गरजेचेच होते.

याच ध्यासातून एक फसगतही झाली. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढविणे हे जगभरच्या संशोधकांचे स्वप्न होते. १९५८ साली परळच्या केंद्रात रुग्णांच्या ऊतकांतून एक जंतू वाढविण्यात यश आले आणि त्याला संस्थेच्या आद्याक्षरांवरून आय.सी.आर.सी. दंडाणू असे नाव पडले. हाच कुष्ठरोगाचा जंतू, अशी तेव्हा आशा होती. ती टिकली नाही. हा जंतू त्याच कुळातील पण निराळा असल्याचे पुढे निष्पन्न झाले, आणि कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमात आजवर कोणालाही वाढविता आलेला नाही. तरी तो दंडाणू वाया गेला नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्याच संस्थेतील डॉ. माधव देव यांनी त्यापासून कुष्ठरोगावरील लस तयार करून तिच्या चाचण्या केल्या.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. त्यांची यादी लांबविण्यात अर्थ नाही. भारत सरकारचा पद्मभूषण किताब, वैद्यकातील राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद, आंतरराष्ट्रीय कर्करोग संघाचे अध्यक्षपद आणि १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, एवढी नोंद पुरे. त्यातल्या त्यात किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९५५ साली नेमलेल्या शास्त्रीय समितीतील त्यांचे काम उल्लेखनीय होय. महासत्ता वातावरणात अणुचाचण्या करीत असताना त्यांचा मानवी पेशींवर काय परिणाम होतो, याचा हिशेब मांडणाऱ्या त्या समितीत ते भारताचे प्रतिनिधी होते.

ज्ञान होते, धोरण नव्हते

खानोलकरांचे २९ ऑक्टोबर १९७८ रोजी निधन झाले. त्या वेळी देशात तंबाखूविरुद्ध कायदा म्हणजे सिगारेटच्या पाकिटावर बारीक अक्षरात एक ओळ छापण्याची १९७५ सालची सक्ती, एवढाच होता. तो सिगारेटपुरता. खैनी, मशेरी, चुट्टा, विडी यांना त्याने स्पर्शही केला नाही. म्हणजे ज्या सवयींचा धोका मुंबईत सिद्ध झाला होता त्या मोकळ्या राहिल्या आणि जिचा धोका लंडनमध्ये सिद्ध झाला होता तिच्यावर इशारा आला. परदेशी पुराव्यावर अधिक विश्वास ठेवण्याची आपली जुनी खोड येथेही दिसली, असे म्हणणे वावगे ठरू नये. अर्थात केवळ खोड नव्हे. तंबाखूचे पीक घेणारा शेतकरी, विड्या वळणाऱ्या लाखो स्त्रिया आणि तिजोरीत जमा होणारा कर, या साऱ्यांचे वजन एका शास्त्रीय निबंधापेक्षा जास्त भरले.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा हा कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा १९८५ साली दिला. नुसती सुपारीही तशीच असल्याचे २००४ साली जाहीर झाले. दरम्यान १९८०-९०च्या दशकांत गुटख्याची चकचकीत पुडी गल्लोगल्ली पोचली आणि चंचीत वयस्करांपुरती असलेली सवय शाळकरी पोरांच्या खिशात गेली. सर्व तंबाखूजन्य पदार्थांना लागू होणारा केंद्रीय कायदा २००३ साली झाला. महाराष्ट्राने २००२ साली घातलेली गुटखाबंदी सर्वोच्च न्यायालयात २००४ साली टिकली नाही. नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे ती २०१२ साली पुन्हा आली. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी २१.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले, आणि सर्वाधिक वापरला जाणारा पदार्थ होता खैनी. १९४५च्या निबंधातील पहिला प्रकार तोच.

मोजदादीच्या बाबतीत चित्र थोडे अधिक उजळ आहे. रुग्णालयाच्या दारात येणाऱ्यांवर विसंबून न राहता संपूर्ण शहरातील प्रत्येक कर्करोग रुग्णाची नोंद ठेवणारी देशातील पहिली नोंदणी मुंबईतच १९६३ साली सुरू झाली. डॉ. दाराब जस्सावाला आणि त्यांच्या इंडियन कॅन्सर सोसायटीचे हे कार्य. खानोलकरांच्या रुग्णालयीन आकड्यांत जी उणीव होती ती अशा नोंदणीनेच भरून निघणार होती. १९७५-७६ साली राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम आखला गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१ साली राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम हाती घेतला तेव्हा मुंबई, बंगळूर आणि मद्रास ही शहरे त्यात आरंभीच होती. २०१० साली मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात आणि कर्करोग यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याअंतर्गत तिशी ओलांडलेल्यांच्या तपासणीत आरोग्यसेविका तंबाखूच्या सवयीविषयी विचारते आणि तोंड उघडून गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का, ते पाहते.

टाटा मेमोरियल सेंटरचे संशोधन केंद्र २००२ साली परळहून नवी मुंबईतील खारघरच्या टेकड्यांपाशी गेले. तेथील प्रयोगशाळांच्या इमारतीचे नाव खानोलकर शोधिका असे आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींत कोणते जनुक बिघडते, याचा तपास आता त्या आवारात चालतो. परळच्या जुन्या रुग्णालयात मात्र गावोगावचे रुग्ण आजही पहाटेपासून रांगेत उभे असतात, आणि त्यांतील कित्येकांच्या केसपेपरवर तंबाखू किती वर्षे, हा रकाना भरलेला असतो.